ट्रिओ नाही तिथे आयरिअल प्रो: जॅझ गायला लागणाऱ्यांसाठी परीक्षण

संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड किंवा लातूर, यांतल्या कुठल्याही गावात जॅझ गावंसं वाटलं तर पहिली अडचण गळ्याची येत नाही, साथीची येते. तबलजी मिळतो. पेटीवाला मिळतो. लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवणारा कीबोर्डवालाही मिळतो. पण पियानो, डबल बास आणि ड्रम वाजवणारे तिघं एकत्र बसून स्विंग, म्हणजे जॅझचा झुलता ठेका, धरतील, हे मुंबई-पुण्याच्या अलीकडे जुळून येणं अवघड. रात्रीची देवगिरी एक्सप्रेस पकडून मुंबईत मैफल ऐकून येता येतं, रोजचा रियाज मात्र तसा होत नाही. आयरिअल प्रो हे फोनवरचं ॲप नेमकं त्या रोजच्या रियाजासाठी आहे. शास्त्रीय किंवा सुगम संगीत थोडंफार शिकलेल्या आणि जॅझकडे नव्याने वळलेल्या गायक-गायिकेला ते किती कामाचं, एवढ्याच नजरेने हे परीक्षण लिहिलं आहे.

निकाल आधी सांगून टाकतो: घ्यावं. मात्र जॅझची गोडी लागली त्याच दिवशी घेऊ नये, आणि घेतल्यावर पहिले काही आठवडे त्यातला पियानो बंद ठेवावा. ही दोन्ही पथ्यं का, ते पुढे येईलच.

ॲपमध्ये काय असतं, काय नसतं

टेक्निमो या कंपनीचं हे ॲप मासिमो बिओलकाटी या बास वाजवणाऱ्या कलाकाराने तयार केलं आहे. गाण्याचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरगट, चौकटींत मांडलेला तक्ता पडद्यावर दिसतो आणि त्यावर पियानो, बास, ड्रम अशी साथ वाजते. लय बदलता येते, पट्टी बदलता येते, शैली बदलता येते: मिडियम स्विंग, बॅलड (संथ गाणं), बोसा नोव्हा वगैरे. तक्त्यातल्या हव्या तेवढ्या चौकटी निवडून तेवढाच तुकडा फिरवत ठेवता येतो. प्रत्येक फेरीला लय थोडी वाढवायची किंवा पट्टी बदलायची सोय आहे.

चाल मात्र यात नाही. शब्दही नाहीत. फक्त कॉर्ड. नवा माणूस ॲप उघडतो, गाण्याचं नाव शोधतो, बटण दाबतो आणि आपण ऐकलेलं गाणं यात कुठंच नाही म्हणून वैतागतो. कराओकेची सवय असलेल्यांची तर हमखास फसगत होते.

ॲप उतरवल्यावर सुरुवातीला सरावाचे तक्ते मिळतात, गाणी नाहीत. गाणी वापरणाऱ्यांनी बनवून ठेवलेली असतात, ती ॲपमधूनच फुकट घेता येतात. जॅझच्या हजाराहून अधिक गाण्यांची एकच मोठी यादी एका झटक्यात उतरते. एकदा उतरली की इंटरनेट लागत नाही, त्यामुळे नेटवर्क कमी असलेल्या गावात किंवा वीज गेलेल्या दुपारीही रियाज अडत नाही. पैसे एकदाच भरायचे असतात, महिन्याचा हप्ता नाही. वेगवेगळ्या शैलींचे जादा संच वेगळे विकत मिळतात. गायकाला सुरुवातीला त्यातलं काहीच लागत नाही, मूळ जॅझ शैली पुरेशा आहेत.

तक्ता वाचायला चार खुणा कळल्या की झालं. अक्षरापुढे आडवी रेघ म्हणजे मायनर, छोटा त्रिकोण म्हणजे मेजर सेव्हन, तिरकी रेघ मारलेलं वर्तुळ म्हणजे हाफ डिमिनिश्ड, आणि टक्क्यासारखी खूण म्हणजे मागच्याच चौकटीतला कॉर्ड पुन्हा. कॉर्डची नावं अक्षरांऐवजी आकड्यांत दाखवायचीही सोय आहे. सरगमवर वाढलेल्यांनी ती जरूर वापरावी: एक म्हणजे सा, चार म्हणजे म, पाच म्हणजे प. पट्टी कुठलीही असो, आकडे तेच राहतात.

आधी कान, मग ॲप

मराठी घरात जॅझ बहुतेक वेळा जॅझ या नावाने येतच नाही. तो सी. रामचंद्रांच्या गाण्यांतून आलेला असतो. १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये चिक चॉकलेट या गोव्याच्या ट्रम्पेटवादकाचा आणि त्याच्या साथीदारांचा वाटा होता, मुंबईच्या हॉटेलांत स्विंग वाजवणारी ही मंडळी दिवसा सिनेमाच्या वाद्यवृंदात असत. त्या गाण्यांवर पाय थिरकले असतील तर ड्रमचा तो झुलता ठेका कानात आधीच आहे. हल्ली दुसरा रस्ता म्हणजे फोनवर अर्ध्या मिनिटाचा तुकडा ऐकू येतो आणि माणूस पूर्ण गाणं शोधत बसतो. रस्ता कुठलाही असो, पुढची पायरी एकच: एका गाण्याची तीन वेगवेगळी ध्वनिमुद्रणं सलग ऐकायची.

तीन का, याचं कारण साधं आहे. जॅझ गायक चाल जशीच्या तशी गात नाहीत. एकच ध्वनिमुद्रण पाठ केलं तर त्या गायकाची हरकत आणि मूळ चाल यांतला फरक कळत नाही, आणि पुढे ॲपवर गाताना सगळं डळमळतं. तिघांमध्ये जे समान आहे ते चालीचं हाड. त्यांतलं एक तरी साधं गायलेलं निवडावं. एला फिट्झजेराल्डने १९५६ ते १९६४ या काळात एकेका रचनाकाराच्या गाण्यांचे जे संच गायले, त्यांत ती चालीला बरीच धरून गाते, म्हणून शिकायला ते फार चांगले. नॅट किंग कोलही तसाच, शब्द स्वच्छ आणि चाल सरळ. ॲप न उघडता, साथीशिवाय, टाळी देत पूर्ण चाल सुरात म्हणता येऊ लागली की ॲपवर पैसे घालायला हरकत नाही. त्याआधी घेतलं तर ते चार दिवस वाजतं आणि मग फोनमध्ये पडून राहतं.

पहिली जुळवणी: आवाज कुठून येतो

फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर हे ॲप वापरू नका. डबल बासची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते, आणि फोनच्या स्पीकरमधून २०० हर्ट्झच्या खालचं जवळपास काही ऐकू येत नाही. म्हणजे बास गायब, उरतो झांजेचा चुरचुराट आणि पियानो. गायकाला ज्याचा आधार घ्यायचा तेच वाद्य नाहीसं झाल्यावर सूर कशावर टेकवणार? साधा वायरचा इअरफोनही चालेल, एक कान उघडा ठेवून. स्वतःचा आवाज त्या उघड्या कानातून ऐकू आला पाहिजे, नाहीतर सूर हळूहळू चढत किंवा उतरत जातो आणि कळतही नाही.

ब्लूटूथ स्पीकरवर नुसतं गायला अडचण नाही, कारण जे ऐकू येतं त्यावरच आपण गातो. ध्वनिमुद्रण करताना मात्र घोळ होतो. ब्लूटूथमधून आवाज साधारण १०० ते ३०० मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि १२० च्या लयीत, म्हणजे मिनिटाला १२० मात्रा असताना, एक मात्राच ५०० मिलिसेकंदांची असते. त्याच फोनवर साथ आणि आवाज असे दोन थर जोडायला गेलात तर गाणं अर्धी मात्रा मागे पडल्यासारखं वाटतं. गाणाऱ्याची लय बिघडली म्हणून लोक स्वतःला दोष देत बसतात, आणि दोष वायरीचा असतो, म्हणजे वायर नसण्याचा.

आता मिक्सर. पियानो, बास आणि ड्रम यांचे आवाज वेगवेगळे कमीजास्त करता येतात, आणि गायकासाठी ॲपमधली सगळ्यात मोलाची सोय हीच आहे. पियानो शून्यावर न्या, बास वर, ड्रम मध्यम. पियानो चालू असला की गायक त्याच्यावर रेलतो, कॉर्डच्या स्वरांत मिळून जातो आणि आपण बरोबर गातोय असा भास होतो. नुसत्या बासवर गाताना कॉर्डमधले तिसरा, सातवा हे स्वर स्वतःच्या गळ्यातून यावे लागतात. सूर खरा लागतोय का हे तिथेच कळतं. सुगम संगीतात पेटी सतत चाल वाजवत पाठीशी असते. त्या सवयीमुळे हा बदल पहिल्यांदा उघडं पडल्यासारखा वाटतो, पण आठ-दहा बैठकांत कान सुटा होतो.

तानपुऱ्याचं ॲप यासोबत चालवू नका. जॅझमध्ये पायाचा स्वर दर चौकटीला हलतो. खाली अखंड सा-प लावून ठेवला तर निम्म्या कॉर्डशी तो भांडतो. आणि पेटी जवळ असेल तर ती ॲपशी सुरात आहे का ते आधी ताडून पाहा. जुन्या पेट्या थोड्या चढ्या किंवा उतरत्या असतात. दोन्ही एकत्र वाजवून कान फसवण्यापेक्षा एक बंद ठेवावं.

पट्टीचा प्रश्न

इथे शास्त्रीय शिकलेल्यांची सगळ्यात जास्त गफलत होते. ‘माझी पट्टी काळी चार’ हे वाक्य ख्यालात खरं, जॅझमध्ये नाही. आधी नावं जुळवून घ्या: पांढरी एक म्हणजे सी, काळी एक डी फ्लॅट, पांढरी दोन डी, काळी दोन ई फ्लॅट, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन जी फ्लॅट, पांढरी पाच जी, काळी चार ए फ्लॅट, पांढरी सहा ए, काळी पाच बी फ्लॅट, पांढरी सात बी. पण काळी चारवाल्या गायिकेने प्रत्येक गाणं ए फ्लॅटमध्ये लावलं तर एक गाणं सहज जाईल आणि पुढचं गळ्याला फास लावेल. कारण एखाद्या गाण्याची चाल सा पासून तार सा पर्यंत पसरलेली असते, एखाद्याची मंद्र प पासून मध्य प पर्यंत. सा कुठे आहे यापेक्षा चालीचा सगळ्यात वरचा स्वर कुठे आहे ते महत्त्वाचं.

रीत अशी. पेटीवर वर वर जात, बोलण्याच्या आवाजात, जोर न लावता जो स्वर अजून नीट लागतो तो शोधा. गाण्यातला सगळ्यात वरचा स्वर त्याच्या दोन पट्ट्या खाली बसेल अशी पट्टी ॲपमध्ये निवडा. मग सगळ्यात खालचा स्वर तपासा. तो नुसती हवा होत असेल तर एक पट्टी वर. बहुतेक तक्ते वाद्यांच्या सोयीच्या पट्टीत असतात, त्यामुळे बायकांना ते पुष्कळदा चार-पाच पट्ट्या खाली आणावे लागतात. ॲपमध्ये हे दोन सेकंदांचं काम आहे. यूट्यूबवरच्या तयार साथीत पट्टीची अशी मोकळीक नसते, आणि पैसे देऊन ॲप घेण्याचं मला हे एकटं कारणसुद्धा पुरेसं वाटतं.

आवाज मोठा काढायचा नाही, हेही पट्टीशी जोडलेलं आहे. नाट्यसंगीतात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय असते. जॅझचं गाणं माइक आल्यानंतर घडलं, म्हणून तो गळा बोलण्याच्या जवळ राहतो. पट्टी जास्त वर घेतली की आपोआप ताणून गाणं सुरू होतं आणि शैलीच बदलते.

हलणारा सा

या ॲपवर एकच गोष्ट शिकायची असेल तर ही. सी पट्टीत, म्हणजे पांढरी एक ‘सा’ धरून, तीन कॉर्डची साखळी लावा: डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. जॅझची शेकडो गाणी या साखळीच्या तुकड्यांनी बांधलेली आहेत. लय ८०, मिडियम स्विंग, प्रत्येक कॉर्डला एक चौकट म्हणजे चार मात्रा, शेवटच्याला दोन चौकटी.

पहिल्यांदा बासबरोबर प्रत्येक कॉर्डचा पायाचा स्वर गा: रे, प, सा. मग बास रे वर असताना तुम्ही म गा, बास प वर गेला तरी म च धरा, आणि बास सा वर येताच ग ला उतरा. म, म, ग. दुसऱ्या कॉर्डवर स्वर तोच राहतो, पण त्याचा रंग पूर्ण बदलतो. खाली प आल्यावर तोच म अस्वस्थ होतो आणि ग कडे ओढ घेतो. ही ओढ कानाला जाणवली की जॅझमधली हालचाल कळायला सुरुवात झाली. मग दुसरी ओळ: सा, नि, नि. पहिल्या कॉर्डवर सा, दुसऱ्यावर नि, तिसऱ्यावर तोच नि. हा शेवटचा नि आपल्या कानाला सुटलेला वाटत नाही, गळा तो सा कडे ढकलायला बघतो. ढकलू नका. मेजर सेव्हनमध्ये नि वर थांबणं हा मुक्काम आहे, आणि तो मुक्काम मान्य होईपर्यंत ही साखळी फिरवत राहा.

या दोन ओळी पक्क्या झाल्या की चाल सुटली तरी कॉर्डमध्ये उभं राहायला जागा सापडते. सगळं उत्स्फूर्त गायन यांच्याभोवतीच विणलं जातं. ॲपमध्ये दर फेरीला पट्टी बदलण्याची सोय आहे खरी, पण गळ्यासाठी ती जपून वापरा. वाद्यवाल्यांना बारा पट्ट्या लागतात, गायकाला सुरुवातीला तीन पुरे.

लय आणि आवर्तन

भजनात टाळ हातात धरलेल्या माणसाचा हात पहिल्या मात्रेकडे धावतो. इथे टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. ॲपमध्ये फक्त ड्रम चालू ठेवा आणि पायाने दाबून वाजणारी हाय-हॅट ऐका, ती २ आणि ४ वरच मिटते. तिच्याबरोबर टाळी द्या, तोंडाने एक-दोन-तीन-चार म्हणा. लय ११० ठेवा. टाळी सरकून १ आणि ३ वर गेली की थांबा आणि पुन्हा धरा. हे सुरुवातीला सगळ्यांचं होतं.

झोका मात्रेच्या आत असतो. एका मात्रेचे तीन समान भाग करा, पहिले दोन जोडून लांब स्वर, तिसऱ्या भागावर आखूड. १०० च्या आसपास हा झोका ठळक असतो. लय वाढेल तसे लांब-आखूड एकमेकांच्या जवळ येतात आणि खूप जलद लयीत जवळजवळ सारखे होतात. जलद गाण्यातही मंद लयीचाच झोका घालत राहिलं की गाणं उड्या मारतं.

गाण्याच्या एका पूर्ण फेरीला कोरस म्हणतात. सर्वसाधारण गाणं ३२ चौकटींचं, म्हणजे १२८ मात्रा, म्हणजे तीनतालाची आठ आवर्तनं. ब्लूज १२ चौकटींचा, ४८ मात्रा, तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं. तबला शिकलेल्यांना हा हिशोब फार आधार देतो. फक्त इथे तालातली खाली नसते आणि ठेक्याचे बोल जागा सांगत नाहीत. जागा कॉर्ड सांगतात. म्हणून डोळे मिटून गायला लागेपर्यंत पडद्यावरची पुढे सरकणारी चौकट बघत राहावी, आणि मग फोन पालथा घालावा. फोन पालथा घालण्याची ही पायरी टाळली तर सगळी मेहनत पडद्याला बांधून राहते.

हरवण्याची ठरलेली जागा म्हणजे मधला वेगळा भाग, चौकट १७ ते २४. दोनदा सारखीच ओळ झाली, तिसऱ्यांदा वेगळी आली, चौथ्यांदा पहिली परत. या आठ चौकटी निवडून फिरवत ठेवा, पण सराव चौकट १५ पासून सुरू करा. चूक बहुतेक वेळा भागात शिरतानाच होते.

कुठली गाणी आधी

ड्यूक एलिंग्टनची ‘सी जॅम ब्लूज’ ही १९४२ ची रचना सगळ्यात आधी. तिची चाल फक्त दोन स्वरांची आहे, प आणि सा. सुराची काळजी नाही, शब्द नाहीत. राहतो तो फक्त स्विंग. डू, बा, दा अशा अक्षरांवर ती गा, झोक्यातल्या लांब स्वराला डू आणि आखूड, आघाताच्या जागेला बा किंवा दॅट. तराणा गायलेल्यांच्या तोंडून दिर-दिर आपोआप निघतं. निघाल्याने बिघडत नाही, पण मात्रेचे चार समान तुकडे होतात आणि झोका मरतो, म्हणून सुरुवातीला नको. ब्लूजमध्ये कोमल आणि शुद्ध यांच्या मधला ग लागतो. पियानोला तो वाजवता येत नाही, आपल्या गळ्याला येतो, आणि इथे श्रुतीचं शिक्षण अगदी थेट कामी येतं.

दुसरं ‘समरटाइम’, गर्श्विनचं, १९३५ चं. फक्त १६ चौकटी, संथ. चाल बरीचशी सा, कोमल ग, म, प या स्वरांत फिरते, अधूनमधून शुद्ध रे. ओळखीचं वाटतं आणि धोकाही तिथेच: दोन ओळींत गायक धानी रागाच्या आलापात शिरतो, मींड लांबते, आणि खालचे कॉर्ड पुढे निघून जातात. प्रत्येक स्वराला मींडेने पोचायची सवय इथे मोडावी लागते. स्वर सरळ लावा, शेवटी थोडा कंप. ओळीत एखादीच मींड ठेवा, म्हणजे तिचा अर्थ राहतो.

तिसरं ‘ऑटम लीव्ह्ज’. मायनरचा सा धरला तर पहिल्या चार ओळी अनुक्रमे कोमल ध, प, म आणि कोमल ग वर टेकतात, पायरी पायरीने खाली. चौथ्या ओळीत मात्र चढताना ध आणि नि शुद्ध होतात. अगदी तिथेच नवखे आधीचाच कोमल ध गातात आणि पुढची उडी बेसूर होते. ती ओळ एकटी काढून नुसत्या बासवर वीस वेळा गा.

शब्दांबद्दल थोडक्यात, पण महत्त्वाचं. मराठीत प्रत्येक अक्षराला सारखा वेळ देतो. इंग्रजीत वजनदार शब्द लांबतात आणि मधले बारीक शब्द चिरडले जातात. म्हणून गाण्याआधी शब्द ड्रमच्या ठेक्यावर नुसते बोला. स्वर लांबवायचा तो स्वराक्षरावर, शेवटच्या न, ल, र वर नाही; ते व्यंजन अगदी अखेरीस टेकवायचं.

कुठे कमी पडतं

ॲप तुमचं ऐकत नाही. तुम्ही श्वासाला थांबलात, ओळ मागे खेचली, तरी ड्रम आपला चालत राहतो. ओळ उशिरा सुरू करून बरोबर जागी संपवण्याचा सराव यामुळे उत्तम होतो, पण संवाद होत नाही. बॅलडमध्ये हे जास्त खटकतं. गाण्याआधीचा मोकळ्या लयीतला भाग बहुतेक तक्त्यांत नसतोच, असला तरी मशीनबरोबर गाता येणार नाही.

सुरुवातीला नुसत्या टिकटिकीने मोजणी होते, सूर मिळत नाही. पहिला स्वर कुठून आणायचा? सोपा उपाय: फेऱ्यांची संख्या एकने वाढवा आणि पहिली फेरी नुसती ऐकून दुसऱ्या फेरीत शिरा. गाणं लांब असेल तर तक्त्याची प्रत काढून शेवटच्या चार चौकटी सुरुवातीला जोडा. त्याच तुमच्या प्रस्तावनेच्या ओळी.

तक्ते लोकांनी बनवलेले आहेत, म्हणून कॉर्ड वेगळे असू शकतात. तुम्ही ऐकलेल्या ध्वनिमुद्रणाशी एखादी जागा सतत टोचत असेल तर गळ्याला दोष देण्याआधी तक्ता तपासा. आणि साथ कितीही बदलती वाटली तरी ती यंत्राचीच. रोज अर्धा तास ॲप, तर निदान तेवढंच खरं ध्वनिमुद्रण ऐकलं पाहिजे, नाहीतर ड्रमचा तो एकच रंग कानात मुरतो.

गावातल्या साथीदाराला हा तक्ता देताना

ॲपमधून तक्त्याची पीडीएफ काढता येते, तुमच्या पट्टीत. ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्याला ती दोन दिवस आधी पाठवा आणि तीन गोष्टी स्पष्ट सांगा. एक, सेव्हन लिहिलंय तिथे सातवा स्वर वाजलाच पाहिजे. नुसता मेजर-मायनर वाजवला तर म-म-ग ची ती ओढ नाहीशी होते. दोन, कीबोर्डमधला तयार ठेका बंद, डाव्या हाताने दर मात्रेला एक असा चालता बास. तीन, चाल वाजवायची नाही, ती तुम्ही गाणार आहात. हे तिसरं वारंवार सांगावं लागतं, कारण त्याला गायकाला धरून ठेवायची सवय असते, आणि ती त्याच्या कामातली चांगलीच सवय आहे.

तबलजीला ठेका न देता ब्रशने वाजवता येईल असं काही मिळालं तर बघा; नाही तर कीबोर्ड आणि २ व ४ वर चुटकी एवढ्यावर गाणं उभं राहतं. लय देताना गाण्याची मधली एखादी ओळ मनात म्हणा, तिच्या लयीत चुटकी धरा, मग चार मोजा. शेवटाला शेवटच्या चार चौकटी तीनदा घ्यायच्या असं आधीच ठरवा आणि हाताची खूण पक्की करा.

माइक तोंडापासून चार-पाच बोटांवर, वरच्या स्वराला थोडा लांब. साउंडवाल्याला इको पूर्ण बंद करायला सांगा. तो पहिल्या ओळीनंतर विचारल्याशिवाय परत चढवतो, तेव्हा दुसऱ्या ओळीआधी त्याच्याकडे बघून हात खाली करा.